घासण्याचा रोज वेगळा लावणारे पॉलिश मिस्त्री : आमच्या स्वयंपाकघराच्या शटरांचा अनुभव

सागवानी शटरांना, म्हणजे कपाटांच्या दारांना, पॉलिश करून घ्यायचं असेल आणि समोरचा माणूस "स्क्वेअर फुटाला इतके" एवढंच सांगून मोकळा होत असेल, तर लगेच हो म्हणू नका. आमच्या स्वयंपाकघराचं काम ज्यांनी केलं ते मिस्त्री पॉलिशचा दर फुटावर लावतात आणि घासण्याचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, वेगळा घेतात. हिशेब ऐकल्यावर घरात सगळ्यांनी नाही म्हटलं होतं. काम होऊन एक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा गेला, म्हणून आता लिहिते. घासण्याचे जे पैसे दिले, त्यातला एक रुपयाही वाया गेला नाही.

मिस्त्रींनी नाव आणि फोन नंबर कुठे टाकू नका असं सांगितलंय, हातात आधीच पुष्कळ कामं आहेत. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अलीकडे, यंत्रमागांच्या शेडला लागून त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. ते आणि त्यांचा भाचा, दोघंच. तिथपर्यंत कुणी पोचलं नाही तरी हे लिहिणं उपयोगी पडावं, कारण यात दुसऱ्या कुठल्याही मिस्त्रीला विचारता येतील असे बरेच प्रश्न आहेत.

आमचं घर मुरारजी पेठेतलं, जुनं. स्वयंपाकघर अलीकडचं. एकूण १८ शटरं. उभ्या-आडव्या पट्ट्या सागवानी आणि मधल्या पॅनेलला सागाचं व्हिनियर, म्हणजे पातळ पापुद्रा, चढवलेलं प्लाय. लाकूड चांगलं घेतलं होतं, सासऱ्यांनी स्वतः वखारीत उभं राहून निवडलेलं. त्या वेळी पॉलिश ज्या ठेकेदाराने केलं त्याचं नाव घेत नाही, पण काम असं होतं की लांबून आरशासारखं चमकायचं आणि दोन वर्षांच्या आत कडा उघड्या पडायला लागल्या. आधी हँडलच्या बाजूला, जिथे रोज बोटं लागतात. मग सिंकखालच्या शटरांच्या खालच्या कडेला, जिथे पाण्याचा थेंब येऊन लटकतो. पॉलिश गेलं की लाकूड पाणी पितं, आणि ओला साग आधी राखाडी दिसतो, मग काळा. शटरची मधली फळी नव्यासारखी आणि चारी बाजूंनी काळपट रेघ, असं ते दिसायचं.

पहिल्या भेटीत मिस्त्रींनी समोरून बघितलंच नाही. शटर उघडलं, अंगठा कडेवरून वरपासून खालपर्यंत ओढला आणि म्हणाले, "ताई, फळीला काय झालं नाही ओ. धारेवर पॉलिश कधी बसलंच नव्हतं."

मला ते नीट समजावून सांगायला त्यांनी वेळ दिला, हे मला सगळ्यात आवडलं. रंध्यातून किंवा कटरमधून निघालेल्या लाकडाची कड अगदी धारदार असते, काटकोनात. ओलं पॉलिश अशा धारेवर थांबत नाही. पातळ द्रवाचा स्वभावच आकसून घेण्याचा, त्यामुळे वाळता वाळता तो धारेवरून दोन्ही बाजूंच्या सपाटीकडे सरकतो आणि नेमका धारेवर थर सगळ्यात पातळ राहतो. त्यातून दोन कोटांमध्ये सँडपेपर मारताना पहिला घाव बसतो तोही धारेवरच, म्हणजे जे थोडं बसलं होतं तेही निघून जातं. आणि घरात वापरताना हात, पातेलं, ओलं फडकं सगळं आधी तिथेच लागतं. धार मोडून किंचित गोल केली की थर सलग वळून दुसऱ्या बाजूला जातो.

माझा मुलगा चिंचोळी एमआयडीसीत फॅब्रिकेशनमध्ये आहे. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, आई, लोखंडाला रंग देतानाही हाच नियम आहे. आयएसओ ८५०१-३ या मानकात सर्वांत वरच्या दर्जाच्या तयारीसाठी पोलादाची कड किमान २ मिलिमीटर त्रिज्येने गोल केलेली लागते, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. लाकडाच्या शटरला एवढी गोलाई लागत नाही, साधारण १ मिलिमीटर पुरते. पण कारण तेच.

आता दराचं. फुटावर दर ठरला की मोजली जाते ती फक्त दर्शनी बाजू. समजा शटर २ फूट उंच आणि दीड फूट रुंद आहे. मोजमापात ते ३ चौरस फूट. पण त्याचा घेर ७ फूट, आणि जाडीच्या दोन्ही अंगांना धार असते, म्हणजे एका शटरला १४ फूट धार. १८ शटरांची झाली २५२ फूट, जवळजवळ ७७ मीटर. एवढ्या लांबीवर हाताने पेपर फिरवायचा आणि त्याचा मोबदला दरात कुठेच नाही! मग ज्याला फुटावर पैसे मिळतात तो माणूस कडा सोडून देणार, त्याला दोष तरी किती द्यायचा? मिस्त्रींनी हे अगदी सरळ सांगितलं: "घासायचं रोजावर धरा, मग मला घाई नाही आणि तुम्हाला शंका नाही." आमच्या एकूण मजुरीत निम्म्याहून जास्त रक्कम घासण्याची निघाली.

शटरं उतरवून वर्कशॉपला नेली. बिजागऱ्या काढल्यावर ऑटो हिंजच्या वाटीचं जे ३५ मिलिमीटरचं भोक असतं, त्याच्या आत भाच्याने पेन्सिलने प्रत्येक शटरचा नंबर घातला. मागच्या बाजूला लिहिलं असतं तर घासण्यात पुसलं गेलं असतं. वाटीत ना पेपर पोचतो ना पॉलिश, आणि बिजागरी बसली की ते दिसतही नाही. एवढी एक गोष्ट बघूनच मी निर्धास्त झाले. परत बसवताना एकही शटर इकडचं तिकडे झालं नाही.

जुनं पॉलिश त्यांनी आधी पात्याने खरवडून काढलं. थेट पेपरने काढायला गेलं तर पॉलिश तापून चिकट होतं आणि पेपर भरून जातो. मग मशीन आलं: ५ इंची, वेल्क्रोच्या गोल पेपरचं, जे गोल फिरतं आणि त्याच वेळी थरथरतंही. १०० नंबर, मग १५०, मग २२०. मधला नंबर गाळायचा नाही, यावर मिस्त्री फार कडक आहेत. १०० नंबरने पडलेला ओरखडा २२० नंबरने जात नाही, नुसता झाकला जातो, आणि डाग (लाकडाला रंग देणारं स्टेन) लावला की उठून दिसतो. नंबरांचा फरक नुसता नावाचा नाही: १२० नंबरच्या कणाची सरासरी जाडी सुमारे १२५ मायक्रॉन, २२० नंबरची ६८ च्या आसपास. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरचे ओरखडे काढण्यासाठीच असतो.

आणि ते ओरखडे गेले की नाहीत हे कसं कळणार? प्रत्येक नंबरच्या आधी भाचा फळीवर पेन्सिलच्या हलक्या आडव्या-तिडव्या रेघा मारायचा. सगळ्या रेघा गेल्या म्हणजे पेपर सगळीकडे लागला. शिवाय खोलीतला दिवा बंद करून बॅटरी फळीला जवळजवळ टेकवून आडवी धरायची. वरून बघितलं तर जे गुळगुळीत वाटतं, त्यावर त्या प्रकाशात डुकराच्या शेपटीसारखे गोल गोल वळसे दिसतात. मशीन दाबलं, किंवा घाईघाईने पळवलं, किंवा पेपरखाली एखादा खडा अडकला की ते पडतात. मी एकदा गेले तेव्हा भाचा मशीनवर जोर देत होता. मिस्त्री लांबूनच ओरडले, "पेपर बदल बे, मेलाय तो. जोर लावून जिवंत हुतोय काय?" वजन मशीनचंच पुरे, हात फक्त दिशा द्यायला, आणि वेग सेकंदाला फार तर एक इंच.

उभी आणि आडवी पट्टी जिथे भेटते ती जागा मी आता कुठल्याही घरात गेले की बघते. दोघींच्या लाकडातल्या रेषा एकमेकींना काटकोनात. एकीवर रेषेच्या दिशेने पेपर मारताना तो थोडा जरी पुढे गेला की दुसरीवर आडवे ओरखडे. मिस्त्री आधी आडव्या पट्ट्या पूर्ण करतात, तेव्हा ओरखडे उभ्या पट्टीवर गेले तरी चालतात, कारण उभी पट्टी नंतर तिच्या रेषेने घासली की ते निघून जातात. उभी पट्टी घासताना मात्र सांध्यावर पोलादी पट्टी धरून पेपर तिच्यापाशी थांबवतात. मशीन कितीही चांगलं असलं तरी शेवटचे हात सागाच्या रेषेबरोबर, हाताने, लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून.

उभ्या पट्टीचं वरचं आणि खालचं टोक, जिथे लाकडाची कापलेली नस दिसते, तिथे २२० वर न थांबता ३२० नंबरपर्यंत गेले. ती बाजू जास्त पॉलिश पिते आणि बाकीच्यापेक्षा गडद होते. बारीक पेपरने ती थोडी बंद होते. उलट सपाट बाजूला ३२० का मारत नाही असं मीच विचारल्यावर त्यांनी सांगितलं, फार गुळगुळीत केलं तर डाग आत शिरत नाही आणि रंग फिका राहतो.

कडांचं काम सगळ्यात शेवटी. आधी केलं तर सपाट बाजू घासताना धार पुन्हा तयार होते. इथे मशीन पूर्ण बंद. मशीन कडेवर तिरकं केलं की एका जागी जास्त खातं आणि कड लाटेसारखी होते. २२० नंबरचा पेपर कापलेल्या बुचाच्या ठोकळ्यावर, ठोकळा ४५ अंशात, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता लांब हात. तीन किंवा चार, आणि सगळ्या कडांना तेवढेच. मधे थांबलं की तिथे खड्डा. मग पेपर बोटांच्या कुशीत घेऊन दोन हलके हात, म्हणजे ४५ अंशाचा जो चपटा पट्टा झाला त्याच्या दोन बारीक धारा मोडतात. चारी कोपऱ्यांना फक्त एक स्पर्श. यापेक्षा जास्त गोल केलं तर शेजारी शेजारी दोन शटरं लागल्यावर मधली फट मोठी दिसते आणि फर्निचर झिजल्यासारखं वाटतं.

तपासायची त्यांची पद्धत तर मी घरी येऊन सगळ्यांना दाखवली. जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा घ्यायचा, दोन बोटांवर ताणायचा आणि कडेवरून सरकवायचा. जिथे बारीक कुसळ राहिलंय तिथे कापड अटकतं, बोटाला कळायच्या आधी. सिंकखालच्या शटरच्या खालच्या कडेला कापड दोन ठिकाणी अटकलं. मिस्त्रींनी तिथे ओलं फडकं फिरवलं, वाळू दिलं, उभे राहिलेले तंतू पुन्हा २२० ने काढले, आणि साडी माझ्याच हातात दिली. मी सरकवली तर गेली तशीच, पाण्यावरून गेल्यासारखी. खालच्या कडेला त्यांनी इतर कडांपेक्षा जरा जास्त गोलाई दिली होती, थेंब धारेवर धरून न राहता गळून पडावा म्हणून.

व्हिनियरच्या पॅनेलला मशीन लावलंच नाही. बाजारात मिळणारं व्हिनियर साधारण अर्ध्या मिलिमीटरचं, त्यातलं काही आधीच्या माणसाने खाल्लेलं. मशीनचा एक हात जास्त झाला की खालचं प्लाय वर येतं आणि त्याला इलाज नाही. एका पॅनेलच्या कोपऱ्यात तसं आधीपासूनच झालेलं होतं. त्यांनी ते मला काम सुरू करायच्या आधी दाखवलं, डागाने जमेल तेवढं झाकतो पण जवळून दिसेल असं सांगितलं, आणि तसंच झालं. जवळून दिसतं. सांगून केलं म्हणून माझी तक्रार नाही.

पॉलिश आम्ही पीयू (पॉलियुरेथेन) घेतलं, मॅट. त्याबद्दल फार लिहीत नाही, ते चांगलं आहे. सागात तेल असतं म्हणून सीलरच्या, म्हणजे पॉलिशखालच्या पहिल्या थराच्या, थोडं आधी थिनरने पुसून घेतलं. सीलर वाळल्यावर ३२० नंबर, पण फक्त सपाट बाजूला. कडेला त्या वेळी पेपर न्यायचाच नाही, नुसत्या मऊ पॅडने एक हात. वर्कशॉपच्या शेजारी माग चालतात, हवेत सुताचा रोवा उडतो, म्हणून शेवटचा कोट त्यांनी सकाळी लवकर, माग सुरू व्हायच्या आत मारला. पुसायला सोलापुरात टॉवेलचे कापलेले तुकडे मिळतात ते मात्र त्यांनी वापरू दिले नाहीत. टॉवेल रोवा सोडतो. जुनं, धुऊन धुऊन विरलेलं धोतर लागतं. आमच्या घरून दोन दिली.

आता जे आवडलं नाही ते. वेळ. सांगितल्यापेक्षा बराच जास्त लागला. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, गड्ड्याची जत्रा भरलेली, त्या दिवसांत वर्कशॉप बंद राहणार हे मला माहीत होतं. पण त्यानंतरही दुसऱ्या एका कामासाठी आमची शटरं बाजूला ठेवली गेली आणि ते फोन करून सांगितलं नाही. तेवढे दिवस स्वयंपाकघर उघडं, डबे-बरण्यांवर पडदा लावून काढले. ज्यांच्या घरी लग्नकार्य तोंडावर आहे त्यांनी तारीख लिहून घ्यावी.

दुसरं म्हणजे धूळ. शटरं वर्कशॉपला गेली तरी भिंतीतल्या चौकटी घरातच घासाव्या लागल्या. मशीनला पिशवी असते, ती सगळी धूळ धरत नाही. मिस्त्री स्वतः साधा रुमाल बांधून काम करतात, ते मला बघवलं नाही. लाकडाची बारीक धूळ ही कर्करोगाला कारण होणाऱ्या गोष्टींत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटात घातली आहे. मुलाने दोघांना एन-९५ मास्कचा डबा आणून दिला आणि भाचा तो लावतो. तुम्ही काम दिलंत तर मास्क तुमच्याकडून द्या, आणि मशीनच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडायला सांगा. आमच्याकडे शेवटच्या दोन चौकटी तशा केल्या, फरक जमिनीवरच दिसला.

तिसरं, ट्रॉल्यांच्या मागच्या बाजूच्या कडा. दर्शनी शटरांइतकं लक्ष तिथे गेलेलं नाही. ट्रॉली पूर्ण ओढून मागून बोट फिरवलं तर एक-दोन ठिकाणी धार लागते. भांडी काढता-घालताना हात तिथेच जातो, त्यामुळे त्या मला खटकतात. काम ताब्यात घेताना फक्त समोरून बघू नका.

पावसाळ्यानंतर मी पुन्हा अंगठा फिरवून सगळी शटरं बघितली. सिंकखालची दोन्ही कोरडी, खालची कड एकसारख्या रंगाची, काळपटपणा कुठेही नाही. हँडलच्या बाजूला पॉलिश जसं दिलं तसं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, लाकूड आखडतं, तेव्हा दोन पट्ट्यांच्या सांध्यावर केसाएवढी रेघ दिसली होती. पाऊस पडल्यावर ती मिटली. ते लाकडाचं आहे, पॉलिशचं नाही.

तुमच्या मिस्त्रीला विचारायचं असेल तर एवढं विचारा. घासण्याचे पैसे दरात आहेत की वेगळे? कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत जाणार, मधे काय? कडा मशीनने की हाताने, आणि कधी? डाग लावायच्या आधी शटर एकदा बघायला बोलावणार का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण पॉलिश चढल्यावर काही दुरुस्त करायचं तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं. आमच्या मिस्त्रींनी स्वतःहून बोलावलं, चहा मागवला आणि एकेक शटर माझ्या हातात दिलं. दोन मी परत दिली, त्यांनी वाद न घालता पुन्हा घासली.

माळ्याची शटरं अजून व्हायची आहेत. ती याच मिस्त्रींना सांगितली आहेत, या वेळी तारीख कागदावर घेऊन, आणि आतल्या कडांचा रोज आधीच वेगळा धरून.